पिल्लाला शिकवायचं म्हटलं की "अजून लहान आहे हो" म्हणणाऱ्या समस्त मंडळींसाठी

आज सकाळी पार्किंगमध्ये ब्रूनोला मार खाताना पाहिलं आणि डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना कुत्र्यांत रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

ब्रूनो आमच्या सोसायटीतला लॅब, म्हणजे लॅब्रडॉर कुत्रा, साडेपाच महिन्यांचा. त्याने एका मुलाची पँट धरून ओढली, दात जरासा लागला. म्हणून मालकांनी त्याला ग्रिलला बांधून पेपरच्या गुंडाळीने बडवलं. मी मध्ये पडले तर मलाच ऐकवलं, "मॅडम, आता शिस्त लावायलाच पाहिजे. पुढच्या महिन्यात ट्रेनर येणारच आहे."

आता? चार महिन्यांपूर्वी हाच ब्रूनो कापसाचा गोळा होता तेव्हा याच घरात त्याच्या तोंडात बोटं घालून त्याला खेळवायचे. तो पायजम्याला लटकला की सगळे हसायचे, व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर यायचा आणि आपण सगळे त्यावर बदाम टाकायचो. ज्या गोष्टीवर कालपर्यंत टाळ्या पडत होत्या तिच्यावर आज मार का पडतोय, हे त्या जिवाला कसं कळावं? त्याचं शिक्षण झालंय हो, अगदी चोख झालंय. तुम्हीच केलंय. ते अजून सुरूच व्हायचंय असं फक्त तुम्हाला वाटत होतं.

आमचा ढब्बू आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा असेल. गावठी, पावसात भिजलेला, सिंहगड रोडच्या एका टपरीखाली सापडलेला. आईचा कडाडून विरोध. "माझ्या ओट्यापाशी फिरकला तर बघ," ही तिची पहिली प्रतिक्रिया. दुसऱ्या दिवशी ती भाकरी करत असताना हा पायाशी उड्या मारायला लागला. तिने तुकडा वर धरला, याने मान वर केली आणि तोल सांभाळता सांभाळता ढुंगण टेकलं. "बसलास? शहाणा माझा," म्हणत तिने तुकडा दिला. झालं. तिथून पुढे बसल्याशिवाय भाकरी नाही, हा घराचा कायदा. बाबांनी ताटातून गुपचूप काही दिलं तर ढब्बूला नाही, बाबांना बोलणी बसायची.

आईने ट्रेनर हा शब्दही तेव्हा ऐकला नव्हता. पण तो पदराला लटकला की ती ना ओरडायची ना हसायची. जागच्या जागी थांबायची, तोंड फिरवून आपलं काम बघायची. सोडला की परत गप्पा सुरू. चावलं की खेळ संपतो, एवढंच त्याला कळायला हवं असतं. खरं तर हे पहिल्यांदा भावंडं शिकवतात. जोरात चावलं की दुसरं पिल्लू केकाटतं आणि खेळायचं थांबतं. पण आपल्याकडे महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून विकतात. ब्रूनोही तसाच आलेला. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, असा २०१७ पासून नियम आहे. पाळतंय कोण?

आणि हे ट्रेनर! "सहा महिन्यांचा झाला की फोन करा." का हो? कारण तुमची पद्धत अजून साखळीला हिसके द्यायची, आणि लहान मान ते हिसके सोसू शकत नाही. सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, लॅब वीस किलोच्या आसपास जातो, वयात यायला लागतो. म्हणजे सगळ्या सवयी घट्ट झाल्या की तुम्ही उगवणार. वरातीमागून घोडं ते हेच.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे न घाबरता बघतं, ऐकतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. कुकरची शिट्टी, रिक्षा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, नदीकाठची ढोल-ताशाची तालीम. हा काळ घरात कोंडून घालवायचा आणि मग "आमचा फार भित्रा आहे" म्हणायचं!

हो, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या त्या विषाणूच्या आजाराची, भीती खरी आहे. जाणारी पिल्लं पाहिलीयत, त्यावर वाद नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत, अनोळखी कुत्र्यांत खाली सोडू नका. पण कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहायला काय हरकत आहे? अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलंय की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू पहिल्या डोसनंतर आठवड्याभराने स्वच्छ जागी पिल्लांच्या वर्गात जाऊ शकतं. इथे मात्र अजून "सगळी इंजेक्शनं होऊ देत, मग बघू."

आई दुपारी मालिका बघताना ढब्बूला मांडीवर घ्यायची आणि गोचीड शोधायची. पंजे उघडून, कान उलटे करून, ओठ वर करून. रोज. तिच्या लेखी ती फक्त साफसफाई. आज ढब्बू डॉक्टरांच्या टेबलावर पंजा पुढे करून नखं कापून घेतो. ब्रूनोला धरायला दोन माणसं लागतात, आणि तरी तोंडाला जाळी.

मोठा कुत्राही शिकतो, मान्य. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच आहे, म्हणून आधीच मान्य करते. पण त्याला आधीचं विसरायलाही लावावं लागतं, आणि त्या काळात तो मार खातो. आणि लवकर शिकवलं तर पिल्लाचं लहानपण हिरावून घेता म्हणे! दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, खाऊ देऊन. यात काय हिरावलं? हाक मारली की ये, बस, तोंडातलं सोड, उठल्या-उठल्या आणि जेवल्यावर शी-सूला बाहेर. इतकंच. ऑफिसला जाणाऱ्यांनाही चहा उकळेपर्यंत जमेल.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ब्रूनोचे मालक वाईट नाहीत. त्याचं पोट बिघडलं होतं तेव्हा हाच माणूस रात्रभर त्याला खाली-वर करत होता, मी खिडकीतून पाहिलंय. त्यांना कुणी काही सांगितलंच नाही, आणि ज्यांना पैसे दिले त्यांनी "थांबा" सांगितलं. संध्याकाळी मी त्यांना भेटणार आहे. आईला सोबत नेते, माझं ऐकणार नाहीत, तिचं ऐकतील.

मात्र "आमच्या गावाकडे कुत्र्याला कोण शिकवतं" असं लिहायला आलेल्यांनो, जरा थांबा. धनगराच्या वाड्यावर पिल्लू रांगायला लागल्यापासून मेंढरांत असतं. कोकरावर धावलं की तिथल्या तिथे हटकलं जातं. त्यांना जाऊन विचारा, सहा महिने वाट बघता का म्हणून.

बाकी भांडण कमेंटमध्ये. मी जागीच आहे.