पाच गोळ्यांचं पाकीट

बेळगावजवळच्या उचगाव-तुरमुरीकडच्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर असा: 'कर्नाटकात गर्भपाताला बंदी आहे, त्यासाठी चंदगडला जावं लागतं. नवऱ्याची सही लागते. दवाखान्यात पिशवी खरवडतात, मग परत दिवस राहत नाहीत. त्यापेक्षा मेडिकलमधून पाच गोळ्यांचं पाकीट आणा आणि कितवाही महिना असो, घरीच मोकळ्या व्हा.' खाली हात जोडलेले. मी मेडिकलच्या काउंटरवर बसते, त्यामुळे हा मेसेज मला रोज कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर दिसतो.

बंदीचं आधी मिटवू. कायदा केंद्राचा आहे, १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असं काही नाही. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, दिवस असतानाच विधवा झालेली अशा काहींना २४ पर्यंत मुभा आहे, पण तिथं दोन डॉक्टर लागतात. लोकांचा घोळ होतो तो सोनोग्राफीच्या दारावरच्या पाटीमुळे. गुन्हा आहे तो मुलगा की मुलगी बघण्याचा.

नवऱ्याची सही? बाई १८ वर्षांवरची असेल तर फक्त तिची. काही दवाखाने तरीही मागतात, ती त्यांची सवय झाली, कायदा नव्हे. मात्र फॉर्म कन्नडमध्ये असला आणि वाचता येत नसला, तर आधी वाचून दाखवायला सांगा. त्यात लाज कसली?

आता गोळ्या. परवा एकजण बायकोसाठी 'पाळी यायची गोळी' मागायला आला. चिठ्ठी नाही. किती दिवस झाले, विचारलं. 'चुकून महिना झाला असंल की.' हिशेब नेमका इथंच फसतो. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकली त्याच दिवशी चार आठवडे भरलेले असतात, म्हणजे याच्या घरी आठवा उलटून गेला होता. आपल्याकडे या गोळ्यांची मुदत नऊ आठवडे. पाकीट न देता मी त्याला बायकोला घेऊन डॉक्टरकडे जायला सांगितलं. चिडून गेला.

गोळ्या वाईट नाहीत. पहिली मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. वेळेत आणि तपासून घेतल्या तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींचं त्यावरच भागतं. पण 'कितवाही महिना' हे धादांत खोटं. दिवस वाढले की रक्तस्राव वाढतो, आत तुकडे राहतात. आधी सिझेरियन झालं असेल तर पुढच्या महिन्यांत पिशवी जुन्या टाक्यावर फाटू शकते. आणि गर्भ पिशवीबाहेर, नळीत असेल तर या गोळ्या त्याचं काहीच करत नाहीत. बाहेर नुसते डाग, आत नळी फुटून पोटात रक्त. म्हणून आधी तपासणी.

खरवडण्याची भीती मात्र हवेतली नाही. जुन्या क्युरेटिंगमध्ये धारदार अवजार वापरत, त्यानं आतलं अस्तर दुखावायचं. जागतिक आरोग्य संघटना आता ती पद्धत वापरू नका म्हणते. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या नळीनं ओढून घेतात, त्याला सक्शन म्हणतात. पाच-दहा मिनिटांचं काम, बहुधा त्याच दिवशी घरी. 'सक्शन करणार ना?' एवढं विचारा. नीट झालेल्या गर्भपातानं वांझपण येत नाही. उलट दोन आठवड्यांत परत दिवस राहू शकतात, हे कुणी सांगत नाही.

राहिलं 'घरीच मोकळ्या व्हा'. तासाला दोन पॅड भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, दिवसभर ताप उतरत नाही, घाण वास येतोय, चक्कर येतेय, तर घरी थांबायचं नाही. पिशवीतला जंतुसंसर्ग किती झपाट्यानं पसरतो हे बेळगावकरांना परक्यानं सांगायला नको. इथली सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेत वारली. सतरावा आठवडा, गर्भ टिकणार नाही हे दिसत होतं, पण ठोके आहेत म्हणून गर्भपात नाकारला. ती जंतुसंसर्गानं गेली. पुढं २०१८ मध्ये त्या देशानं सार्वमत घेऊन कायदाच बदलला.

आणि गोळ्या घेऊन झाल्या असतील, तर रिकामं पाकीट चुलीत घालू नका. दवाखान्यात जाताना बरोबर न्या, कुठली गोळी कधी घेतली ते सांगा.