प्रतिक्रियेला उत्तर : मंदी, रेशनची रांग आणि हुकूमशाही

सप्रेम नमस्कार.

आर्थिक संकट आणि हुकूमशाही यांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : ‘भाकरी गेली की स्वातंत्र्यही जाते’ हे माझे वाक्य भाबडे आहे, महामंदीत अमेरिका आणि स्वीडन येथे लोकशाही टिकली, तर इंडोनेशियात १९९८ च्या संकटानेच हुकूमशहा सुहार्तो यांची राजवट संपवली. शिवाय, ‘नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात म्हणून नाशिककर अर्थतज्ज्ञ होत नाहीत’, असा चिमटाही आपण काढला आहे. चिमटा मान्य. आक्षेप अर्धा मान्य आहे, आणि तो कोणता अर्धा, हे सांगण्यासाठीच हे लांबलेले उत्तर.

नोटांपासूनच सुरुवात करतो. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, आणि त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये केलेले बंड दुसऱ्या दिवशी मोडून पडले. पुढे मे १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ३ टक्केही मते मिळाली नाहीत. मग महामंदी आली. सप्टेंबर १९३० मध्ये मते १८ टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर गेली. मात्र ही मते प्रामुख्याने बेकारांची नव्हती. बेकार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळले. हिटलरकडे गेले ते छोटे दुकानदार, कारागीर, शेतकरी, म्हणजे ज्यांचे अजून सगळे गेले नव्हते, पण उद्या जाईल या धास्तीने ज्यांची झोप उडाली होती. मूळ लेखात मी सरसकट ‘उपाशी जनता’ असे लिहिले, ती माझी चूक. दुसरे असे की, चान्सेलर (म्हणजे सरकारप्रमुख) ब्र्यूनिंग १९३० पासून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी पगार, पेन्शन आणि बेकारभत्ता कापत होते, त्यामुळे संसदेला वळसा घालून कारभार करण्याची सवय हिटलर येण्यापूर्वीच लागली होती. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याची मते ३३ टक्क्यांपर्यंत घसरली असतानाही, त्याला आपण मुठीत ठेवू अशा भ्रमात असलेल्या पुढाऱ्यांनी ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चान्सेलर करवले. अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये लोकांनी १९३२ मध्ये मतपेटीतून सरकार बदलले आणि नव्या सरकारांनी रोजगाराची कामे काढली. तेथे संकट होते. आतून दार उघडून देणारे नव्हते.

आता सुहार्तो. आपण त्यांचा शेवट सांगितलात, सुरुवात मात्र गाळलीत. १९६६ मध्ये इंडोनेशियातील महागाईचा दर ६०० टक्क्यांच्या वर होता, आणि रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या मागण्यांत ‘भाव उतरवा’ ही एक ठळक मागणी होती. त्याच गोंधळात, ११ मार्च १९६६ च्या आदेशाने, राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंच्या हातचे अधिकार सुहार्तोंकडे गेले. म्हणजे एका संकटाने त्यांना आणले आणि दुसऱ्याने घालवले. मधली तीन दशके वाटायला काहीतरी होते. मे १९९८ मध्ये इंधनाचे दर भडकवावे लागले, तेव्हा वाटण्यासारखे फारसे उरले नव्हते, आणि त्यांचे स्वतःचे मंत्रीही नव्या मंत्रिमंडळात यायला तयार होईनात.

माझा खरा मुद्दा या ‘वाटण्या’पाशी आहे. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ-दहा वर्षांचा होतो. नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या रेशन दुकानापुढे वडिलांबरोबर तासन्‌तास उभा राहायचो. पिशवीत पडायचा तो तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, ज्याची भाकरी थापताना आईच्या हातात तुटायची. वडील तसे तापट, घरमालकालाही न जुमानणारे. पण तराजूमागच्या त्या माणसापुढे त्यांचा आवाज खाली यायचा, कारण ‘माल संपला’ एवढे दोन शब्द त्याच्या हातात होते. एकदा माप कमी भरल्याचे मी मोठ्याने बोललो, तर त्यांनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. आपल्याकडे त्या दुकानदारावर तहसीलदार होता, वर्तमानपत्रे होती, विधानसभा होती. हे सगळे काढून घेतले आणि देशात एकच तराजू उरला, तर काय होते?

त्याचे उत्तर इराकने दिले. कुवेत बळकावल्यावर ऑगस्ट १९९० मध्ये निर्बंध लागले आणि सद्दाम हुसेन यांच्या सरकारने लगेच पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल यांचे रेशन सुरू केले. ते कार्यक्षम होते, हे कबूल केले पाहिजे. त्याने जीव वाचवले. पण त्याच कार्डाने प्रत्येक घराचे नाव आणि माणसांची संख्या सरकारदप्तरी आली, आणि दिनार मातीमोल झाल्यावर पगारावर जगणाऱ्याला त्या पिशवीवाचून गत्यंतर उरले नाही. बाहेरच्यांना वाटत होते की उपासमारीने जनता उठेल. प्रत्यक्षात माणसांचा दिवस रांगेत आणि किडूकमिडूक विकण्यात जात होता. राजवट आणखी तेरा वर्षे टिकली, आणि २००३ मध्ये पडली ती परदेशी सैन्यामुळे. जानेवारी २००५ च्या निवडणुकीसाठी मतदारयादी तयार करायची वेळ आली, तेव्हा आधार घ्यावा लागला तो याच रेशनच्या नोंदींचा.

आपल्या आक्षेपामुळे मूळ लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे. आता ते असे आहे : ‘भाकरी कमी पडली की ती वाटणाऱ्याचे वजन वाढते, त्याला हिशेब विचारणारे कोणी उरले आहे का, यावर पुढचे ठरते.’ ‘उपाशी जनता’ हे शब्दही काढले आहेत. सुहार्तोंवरचा परिच्छेद पुढील आठवड्यात जोडतो.

आपला स्नेहांकित.