स्ट्रेस म्हणजे भागाकार

हल्ली कुणालाही ‘कसं काय’ विचारा, उत्तर ठरलेलं: ‘जाम स्ट्रेस आहे यार.’ परीक्षेचा स्ट्रेस, लग्नाचा स्ट्रेस, सुट्टीत कुठे जायचं याचाही स्ट्रेस.

मी स्ट्रक्चरल डिझाइनवाला. आमचा स्ट्रेस मोजता येतो: भार भागिले सळईच्या छेदाचं (आडवी कापली तर दिसणाऱ्या तोंडाचं) क्षेत्रफळ. ही कल्पना १८२२ साली कोशी या फ्रेंच गणितज्ञाने मांडली. १० मिलिमीटर व्यासाच्या सळईला एक टन टांगा, मग तोच टन २० मिलिमीटरच्या सळईला टांगा. वजन तेच, पण दुसरीत स्ट्रेस चौथा हिस्सा. आणि सळई मूळ लांबीच्या मानाने जितकी लांबते, त्याला आम्ही स्ट्रेन म्हणतो.

माणसांच्या बाबतीत घोळ घातला हान्स सेली या संशोधक डॉक्टरने. माँट्रियलमध्ये त्याने उंदरांना थंडीत ठेवलं, दमवलं, औषधं टोचली. त्रास कुठलाही द्या, शरीराचा प्रतिसाद साधारण तोच: मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या, पोटात अल्सर. १९३६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्याचं छोटंसं टिपण आलं. पुढे या प्रतिसादालाच तो स्ट्रेस म्हणू लागला. आमच्या हिशेबाने हा स्ट्रेन! आपलं इंग्रजी बरं असतं तर स्ट्रेनच म्हटलं असतं, अशी कबुली त्याने नंतर दिली, पण तोवर शब्द जगभर गेला होता.

(भाषावाल्यांचा स्ट्रेस आणखी निराळा. ‘रेकॉर्ड’मध्ये जोर आधी दिला तर नाम, नंतर दिला तर क्रियापद. आणि स्ट्रेस टेस्टमध्ये माणसाला ट्रेडमिलवर पळवतात, बँकेला कागदावर.)

सेलीच्या या घोळाचा फायदा कोण उठवतं, ते ऑफिसातल्या ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या सत्रात कळतं. पाच जणांचं काम तिघांवर, आणि शिकवतात काय, तर डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या. म्हणजे छेद कमी केला, भार तसाच ठेवला आणि सळईला सांगितलं, पॉझिटिव्ह राहा! श्वासाला माझी ना नाही, झोप बरी लागते. पण भागाकारात तो कुठेच बसत नाही.

‘थोडा स्ट्रेस चांगला असतो’ हे साहेबांचं लाडकं वाक्य. खोटं नाही, चांगल्या ताणासाठी सेलीनेच ‘युस्ट्रेस’ हा शब्द काढला. फळबागेलाही पाणी तोडून ताण देतात, तेव्हा बहर धरतो. पण बागायतदार पानगळ बघत असतो, जमीन बघत असतो आणि वेळेवर पाणी देऊन ताण तोडतो. आमचा ताण तुटणार कधी, हे पुढच्या सत्रात मी विचारणार आहे. तुमच्याकडे कुणी विचारलं असेल तर काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा.