‘गप्प राहिल्या म्हणून थोर झाल्या’? पुस्तक उघडून तर बघा

चर्चमंडळ्यांच्या महिला संघांच्या, संडे स्कूलच्या शिक्षकांच्या आणि झाडून सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘पवित्र शास्त्रातील (म्हणजे बायबलमधल्या) सात स्त्रिया, सात धडे’. वर गुलाबाची फुलं, खाली हात जोडलेले, आणि मधे यादी. सारा नवऱ्याला ‘स्वामी’ म्हणायची, म्हणून आशीर्वादित झाली. रूथनं सासूचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. अबीगईलनं नवऱ्याचे दोष झाकले. हन्नानं दुःख मुकाट्यानं सोसलं. पुरुष पुढे आले नाहीत म्हणून देवाला दबोराला उभं करावं लागलं. वश्ती उद्धट म्हणून गेली, एस्तेर आज्ञाधारक म्हणून राणी झाली. सातवी बथशेबा, ती म्हणे इशारा देण्यापुरती : रूपाचं प्रदर्शन केलं की घराणी बुडतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत : ‘या स्त्रियांनी कधी हक्क मागितले नाहीत, म्हणून देवानं त्यांना सगळं दिलं.’

कुणाला आज्ञाधारकपणा मोलाचा वाटत असेल तर वाटो, त्यावर वाद नाही. पण त्यासाठी साक्षीला जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, काढला असेल, तर जुन्या करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल. अध्याय सोबत देतेय (उत्पत्ती, लेवीय, गणना, अनुवाद, शास्ते ही त्यातल्याच पुस्तकांची नावं), घरी पुस्तक असतंच.

साराचा ‘स्वामी’ हा धडा आलाय नव्या करारातून, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातून. मूळ गोष्ट उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात आहे. तिथं पाहुणे तंबूबाहेर झाडाखाली बसलेत, वर्षभरात साराला मुलगा होईल असं सांगतायत. सारा दाराआडून ऐकते आणि मनातल्या मनात हसते : मी अशी जीर्ण झालेली, आणि आमचे स्वामीही म्हातारे! ‘स्वामी’ येतो तो इथं, म्हाताऱ्या नवऱ्याबद्दल स्वतःशी हसताना. पुढे एकविसाव्या अध्यायात तर देवच अब्राहामाला सांगतो, सारा जे म्हणते ते ऐक. या घरात बायकोचं ऐकायची आज्ञा नवऱ्याला झालीय, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच गळलीय.

अर्थात त्या वेळी सारा जे म्हणत होती ते काही सुंदर नव्हतं. ती हागारेला, आपल्या मिसरी दासीला, लेकरासकट घराबाहेर काढायला सांगत होती. ही हागार सातांच्या यादीत नाही. परकी, दासी, घरातून हाकललेली. आज्ञाधारकपणाच्या धड्यात तिला कुठं बसवणार? पण आधी सोळाव्या अध्यायात, साराच्या जाचाला कंटाळून ती पळून जाते, तेव्हा रानातल्या झऱ्यापाशी तिला देवाचा दूत भेटतो आणि ती देवाला नाव देते : मला पाहणारा देव. देवाचं नाव ठेवणारी शास्त्रातली पहिली व्यक्ती ही दासी आहे.

आता रूथ. हिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लग्नाच्या उपदेशांत सगळ्यात जास्त वापर हिचाच होतो.

मवाब या परक्या देशात नामीचा नवरा वारतो, मग दोन्ही मुलगे वारतात. ती बेथलेहेमला परत निघते, दोन्ही सुना बरोबर निघतात. नामी सांगते, माहेरी परत जा. दोघी रडतात, ऐकत नाहीत. ती पुन्हा सांगते, कारणं देते : मला आता आणखी मुलगे व्हायचे का, आणि झाले तरी ते मोठे होईपर्यंत तुम्ही थांबणार का? तेव्हा अर्पा सासूचं चुंबन घेते आणि परत जाते. नामी रूथला म्हणते, बघ, तुझी जाऊ गेली, तूही जा. आणि मग ते प्रसिद्ध बोलणं येतं, जिथं तुम्ही तिथं मी, तुमचा देव तो माझा देव. हे बोलणं म्हणजे सासूला दिलेला नकार आहे. सासूचा शब्द पाळणारी सून अर्पा होती, आणि ती गोष्टीतून पहिल्याच अध्यायात बाहेर पडते.

पुढे बेथलेहेमात जवाची कापणी चालू असते. शेतात सर्वा वेचायला जायचं रूथच ठरवते. सासू फक्त ‘जा, मुली’ म्हणते. कापणी करताना शेताचे कोपरे सोडायचे, खाली पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं, असा नियम लेवीयात आहे. म्हणजे रूथ दया मागत नव्हती, कायद्यानं जे तिचं होतं ते गोळा करत होती. दुपारी शेताचा मालक बवाज, नामीच्या नवऱ्याच्या नात्यातला, तिला पंक्तीला बसवतो, भाजलेलं धान्य देतो, आपल्याकडचा हुरडाच म्हणा. ती पोटभर खाते आणि उरलेलं सासूसाठी बांधून ठेवते. संध्याकाळी झोडपून मोजते तर एक एफा जव भरतात, साधारण वीस-बावीस लिटर. एका दिवसाच्या वेचणीला हे भरपूर आहे. तो ओटीतला हुरडा आणि ते जव नामीच्या पुढ्यात येतात तेव्हा कुठं तिच्या तोंडून पहिल्यांदा बरा शब्द निघतो. या बाईचं प्रेम खरंच आहे. पण ते हुकुमावरून आलेलं नाही.

तिसऱ्या अध्यायात मात्र ती सासूच्या सांगण्यावरूनच रात्री खळ्यावर जाते, हे मान्य करायलाच हवं. नामीनं सांगितलेलं असतं, तो उठला की काय करायचं ते तोच सांगेल. मध्यरात्री बवाज दचकून उठतो, तर रूथच त्याला सांगते काय करायचं ते : माझ्यावर तुमचं वस्त्र पसरा, सोडवणूक करायचा (वारलेल्याची जमीन आणि विधवा सांभाळायचा जवळच्या नातेवाइकाचा) हक्क तुमचा आहे. हे वाक्य नामीनं शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बवाज वेशीत दहा वडील माणसं बसवून प्रकरण कायदेशीर करतो. मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असं अनुवादाचा तेविसावा अध्याय सांगतो, आणि मवाबी रूथच्या पुस्तकाचं शेवटचं नाव आहे दावीद राजा, तिचा पणतू.

अबीगईलचं थोडक्यात. तिचा नवरा नाबाल मोठा मेंढरंवाला. दावीदाच्या माणसांना तो हाकलून देतो, दावीद चारशे जणांसह घर कापायला निघतो. चाकराकडून हे कळताच अबीगईल गाढवांवर सामान लादते : दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं मांस, भाजलेलं धान्य, शंभर घड मनुका, दोनशे अंजिराच्या ढेपा. आणि शास्त्र मुद्दाम सांगतं की नवऱ्याला तिनं कळवलं नाही. दावीदापुढे पोचल्यावर ती म्हणते, त्या माणसाकडे लक्ष देऊ नका, जसं नाव तसाच आहे तो, मूर्ख. नवऱ्याचे दोष झाकणं याला म्हणतात, हे मला नव्यानं कळलं. (१ शमुवेल २५. सगळा अध्याय वाचा, फार मजेदार आहे.)

हन्नाचं मुकाट्यानं सोसणं. ती शिलोच्या मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करते, आवाज येत नाही. याजक एली दारापाशी बसून बघतो आणि तिला झिंगलेली समजतो. कधीपर्यंत पिणार, म्हणून झापतो. मुकाट्यानं सोसणारी असती तर मान खाली घालून निघून गेली असती. ती तिथल्या तिथं उत्तर देते : नाही महाराज, मी प्यायलेली नाही, मन मोकळं करतेय, मला वाईट चालीची समजू नका. आणि याजकाला आपला सूर बदलावा लागतो. देवाशीही ती करार केल्यासारखी बोलते : तू मुलगा दिलास तर मी तो तुला देईन. पुढे झालेल्या मुलाला, शमुवेलाला, कधी मंदिरात न्यायचं हेही तीच ठरवते, आणि नवरा एल्काना म्हणतो, तुला बरं वाटेल तसं कर. तालमुद या यहूदी धर्मग्रंथात, बराखोथ या भागात, प्रार्थना कशी करावी याचे नियम रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, याच बाईच्या वागण्यावरून काढलेत : ओठ हलावेत, आवाज येऊ नये, मन एकाग्र असावं. एलीच्या वागण्यावरूनही एक नियम निघाला : खात्री नसताना कुणावर आळ घेतला, तर त्याची समजूत काढली पाहिजे.

दबोराचा मुद्दा सगळ्यात जुनाट. ‘पुरुष नव्हते म्हणून.’ शास्त्यांच्या चौथ्या अध्यायात असं एकही वाक्य नाही. लिहिलंय ते एवढंच : दबोरा संदेष्ट्री होती, इस्राएलाचा न्याय करत होती, एफ्राइमाच्या डोंगराळ भागात रामा आणि बेथेल यांच्यामधल्या खजुरीखाली बसायची आणि लोक निवाड्यासाठी तिच्याकडे यायचे. पुरुषांचा दुष्काळ नव्हता. इस्राएलाचा सेनानी बाराक, त्याच्याबरोबर ताबोर डोंगरावर दहा हजार होते. समोर शत्रूचा सेनापती सीसरा, त्याचे नऊशे लोखंडी रथ. बाराक म्हणतो, तू येत असशील तर मी जातो. ती जाते, आणि जाताना सांगूनही टाकते की सीसरा एका बाईच्या हातून पडेल. ती बाई याएल. तंबूची मेख आणि हातोडा, हा भाग मुलांना सांगताना आपण सगळेच घाईघाईनं पुढं सरकतो.

तरी ‘अपवाद’ म्हणणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण आहे, आणि त्यात पळवाट नाही. यहूदाचा राजा योशीया, कारकिर्दीचं अठरावं वर्ष. मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. राजा कपडे फाडतो आणि हुकूम देतो, परमेश्वराला विचारून या. मुख्य याजक हिल्कीया, चिटणीस शाफान आणि बाकीची बडी मंडळी जातात कुणाकडे? राजवस्त्रांच्या कोठीवरच्या अधिकाऱ्याच्या बायकोकडे, हुल्दाकडे. यिर्मया तेव्हा पाच वर्षं संदेश देत होता. त्याला पाचारण योशीयाच्या तेराव्या वर्षीच झालं होतं. म्हणजे मोठा संदेष्टा हयात होता, पुरुषही होता, आणि ग्रंथाबद्दल परमेश्वराला विचारायला गेले एका बाईकडे. तिचं उत्तर सुरू होतं ते असं : तुम्हाला ज्या माणसानं पाठवलं त्याला जाऊन सांगा. ‘महाराजांना’ नाही, ‘त्या माणसाला’.

याच भाषेत वाचणाऱ्या आपल्याला तरी हे नवल वाटायला नको. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते छापलं. १९२२ साली रमाबाई वारल्या, १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला.

वश्ती आणि एस्तेर. मेसेजमध्ये एकीला खाली ढकलून दुसरीला वर चढवलंय, म्हणून दोघींना एकत्रच घेते. पारसाचा राजा अहश्वेरोश एकशेऐंशी दिवस आपलं वैभव मिरवतो, मग सात दिवस मेजवानी. सातव्या दिवशी, पिऊन रंगात आल्यावर, राणीचं रूप पाहुण्यांना दाखवायला तिला बोलावतो. ती येत नाही. एवढ्यावर दरबार हादरतो. ममुखान नावाचा सल्लागार म्हणतो, हे ऐकून राज्यातल्या सगळ्या बायका नवऱ्यांना जुमानणार नाहीत. म्हणून एकशेसत्तावीस प्रांतांत, प्रत्येकाच्या लिपीत आणि भाषेत, फर्मान जातं की प्रत्येक पुरुषानं आपल्या घरात सत्ता चालवावी. स्वतःच्या बायकोला मेजवानीत आणू न शकलेल्या माणसाचं हे फर्मान आहे, आणि लिहिणाऱ्यानं ते अगदी गंभीर चेहरा ठेवून लिहिलंय. मेसेज पाठवणाऱ्यांनी विनोदच उपदेश म्हणून घेतला.

एस्तेर सुरुवातीला मर्दखयाचं, तिला वाढवणाऱ्या चुलतभावाचं, ऐकते, हे खरं. दुसऱ्या अध्यायात तसं स्पष्ट लिहिलंय. पण चौथ्या अध्यायात काय होतं? बोलावल्याशिवाय राजापुढे गेलं तर देहान्त, असा कायदा. आणि तिला तीस दिवसांत बोलावणं आलेलं नाही. यहूद्यांच्या कत्तलीचा हुकूम सुटलेला. ती मर्दखयाला निरोप धाडते : शूशन राजधानीतले सगळे यहूदी गोळा कर, तीन दिवस उपास करा, मग मी कायदा मोडून जाते, मेले तर मेले. आणि पुढचंच वचन सांगतं, मर्दखय गेला आणि एस्तेरनं आज्ञा केली तसं त्यानं केलं. वश्ती बोलावल्यावर गेली नाही, एस्तेर न बोलावता गेली. मोडलं दोघींनीही. नवव्या अध्यायात पुरीमचा सण पक्का होतो तोही एस्तेरच्या लेखी हुकुमानं. कोकणातले आपले मराठी बोलणारे यहूदी, बेने इस्राएल, या सणाला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो फाल्गुनातल्या पौर्णिमेच्या आसपासच येतो.

बथशेबावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. गच्चीवर ती नव्हती, दावीद होता. २ शमुवेल ११ मधलं दुसरं वचन वाचा. लढाईच्या हंगामात घरी राहिलेला राजा संध्याकाळी गच्चीवर फिरतो, तिथून त्याला ती न्हाताना दिसते, तो माणसं पाठवून तिला आणवतो. बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो आणि दावीदाला म्हणतो, तो माणूस तूच. दोष कोणाचा यावर शास्त्राच्या मनात शंका नाही. ती आपल्याच मनात कुठून आली?

राहिलं शेवटचं ठळक वाक्य, हक्क न मागण्याचं. गणनाचा सत्ताविसावा अध्याय. सलाफहाद नावाचा माणूस वारला, मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, दाराशी पुढारी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसावं, त्याच्या भाऊबंदांत आम्हाला वतन द्या. मोशेला उत्तर सुचलं नाही, त्यानं प्रकरण देवापुढे नेलं. देव म्हणाला, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. कायदा बदलला.

फुकट काही मिळालं नाही. छत्तिसाव्या अध्यायात भाऊबंद तक्रार घेऊन आले आणि त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट लागली. ती त्यांनी पाळली. पुढे मोशे वारला, त्याच्या जागी यहोशवा आला, जमिनीची वाटणी सुरू झाली. तेव्हा त्या पाचही जणी पुन्हा एलाजार आणि यहोशवापुढे जाऊन उभ्या राहिल्या : परमेश्वरानं मोशेला आज्ञा केली होती, आमचं वतन द्या. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात, चौथ्या वचनात, ते त्यांना मिळाल्याची नोंद आहे.