श्वास कुठे घ्यायचा?

नेदरलँड्समध्ये थंडीची सवय होते, पावसाची होते, अगदी वाऱ्याविरुद्ध सायकल मारायची पण होते, पण दाराच्या फटीतून आत पडणाऱ्या सरकारी पत्रांची, म्हणजे त्यातल्या एकमेकांना चिकटवलेल्या लांबलचक डच शब्दांची, काही केल्या होत नाही. डच माणसाला दोन शब्दांमध्ये जागा सोडायची म्हणजे जमीन वाया घालवल्यासारखं वाटतं, समुद्र मागे हटवून मिळवलेली ना ती!

आता आर्बैट्सऑनखस्खिक्तहैट्सफरझेकरिंग घ्या. रोमन लिपीत 33 अक्षरं, तोडून म्हटलं तर आर्-बैट्स-ऑन-ख-स्खिक्त-हैट्स-फर-झे-क-रिंग असे 10 तुकडे, आणि अर्थ काय तर काम करायची ताकद गेली तर पैसे देणारा विमा. व्हिडिओ कॉलवर बाबांना वाचून दाखवला तर म्हणाले, "अरे, पण ही माणसं श्वास कुठे घेतात?"

शाळेत समासविग्रह करून मार्क मिळवलेल्या माणसाला वाटतं, तोडू की, त्यात काय. आर्बैट म्हणजे काम, मग एक फुकटचा 'स', ज्याला अर्थबिर्थ काही नाही, नुसता जोडायला, मग अपात्रता, मग परत तोच 'स', मग विमा. कधी 'स'च्या जागी 'अन' येतो, कधी काहीच येत नाही. पॅनकेकच्या डच स्पेलिंगमध्ये 1995 च्या सुधारणेने मध्येच एक जादा 'न' घुसवला, जो बहुतेकांच्या तोंडून ऐकूसुद्धा येत नाही, आणि 2005 मध्ये नियम परत हलवले. म्हणजे त्यांचं पण ऱ्हस्व-दीर्घ चालूच आहे, बरं वाटलं.

खरी मजा चुकीच्या जागी तोडलं की. केर्स्तोमाट्येस हा शब्द 'केर्स' वर तोडला तर चेरी टोमॅटो, एक अक्षर पुढे 'केर्स्त' वर तोडला तर नाताळच्या आज्ज्या. सॅलडमध्ये! मसाजचा पलंग आणि सामूहिक प्रार्थना यांचं स्पेलिंग अगदी सेम, त्यामुळे पाटी बघून आत शिरताना जरा जपून. आणि समुद्रसपाटीच्या खाली एवढी वस्ती असलेल्या या देशात 'बांध फुटल्याची आपत्ती' आणि 'मांडीत आलेला गोळा' हे दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहितात, फक्त 'क' इकडे का तिकडे एवढाच प्रश्न.

बरं, सुटं लिहावं तर तेही चालत नाही. लांब पल्ल्याचा धावपटू चुकीच्या जागी सुटा लिहिला की तो उंच धावपटू होतो. इंग्रजीच्या नादाने असं सुटं लिहिण्याला डच लोक 'इंग्लिश रोग' म्हणतात, आणि त्यांच्याकडे मुडदूसला पण हेच नाव आहे. आपल्याकडे 'मुख्य मंत्री' आणि 'महानगर पालिका' लिहिणाऱ्यांचं निदान मी इथे बसून केलंय.

शेवटी एक युक्ती सापडली, शब्द शेपटीकडून वाचायचा, कारण खरा मालक शेवटी बसलेला असतो आणि पुढचे सगळे नुसते विशेषणगिरी करतात. शेवटी 'फरझेकरिंग' असलं तर विमा, चहा घेऊन वाचता येतं. 'हेफिंग' असलं तर कसलातरी कर, बहुतेक कचऱ्याचा. 'आन्स्लाख' दिसला तर आधी खुर्ची ओढायची, कारण कर-आकारणी आणि हल्ला या दोन्हीला डचमध्ये हा एकच शब्द आहे आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटत नाही. फक्त बलास्टिंगतरुखखाव्ह, म्हणजे कराचा परतावा, हा एवढा एक शब्द आमच्या घरात सगळे न तोडता, एका दमात म्हणतात.