बाबा ब्रिज खेळतात, तीनपत्ती नाही!

या दिवाळीत आमच्या घरी पोकर चिप्सची चौथी पेटी आली. चौथी! अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत पेटी, आत काळ्या फोममध्ये रचलेल्या लाल-निळ्या चकत्या, पाच फासे, पत्त्यांचे दोन कॅट आणि वर चिठ्ठी : "काकांना पत्त्यांची आवड आहे ना, म्हणून खास." माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. गेली ४५ वर्षं ब्रिज खेळतायत, म्हणजे चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा, बोली लावून हात करायचा पत्त्यांचा खेळ. पैसे लावून त्यांनी आयुष्यात एक पान टाकलेलं नाही. ब्रिजला चिप्स लागत नाहीत हो! फाशांचा तर संबंधच नाही. पेटी माळ्यावर गेली, आधीच्या तीन पेट्यांच्या शेजारी, आणि माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

तबला शिकणाऱ्याला "वाद्यच ते" म्हणून कुणी बासरी देतं का? मग पत्त्यांच्या बाबतीतच सगळ्यांची अक्कल कुठे जाते? पत्ते म्हटलं की तीनपत्ती, दिवाळी म्हटलं की तीनपत्ती, झालं! दुकानदारांनी तर ठरवूनच टाकलंय. लक्ष्मी रोडवर एका दुकानात मी विचारलं, "ब्रिजचे पत्ते आहेत का?" गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "सगळे पत्ते सारखेच असतात मॅडम." आणि सोनेरी वर्ख लावलेला एक कॅट पुढे सरकवला.

नसतात सारखे! नेहमीचा पोकरचा पत्ता साधारण ६३ मिलिमीटर रुंद असतो आणि ब्रिजचा ५७. उंची दोन्हींची ८८च्या आसपास. फरक फक्त सहा मिलिमीटरचा आहे, पण तो उगाच ठेवलेला नाही. तीनपत्तीत हातात तीन पानं असतात. ब्रिजमध्ये तेरा. ती तेराही पानं इस्पिक, बदाम, किलवर, चौकट अशी लावून, प्रत्येकाचा कोपरा दिसेल अशी, एका हातात पंख्यासारखी धरायची असतात. बोली लागते तेव्हापासून धरायची आणि एकेक करत शेवटच्या पानापर्यंत यायचं. बाबांच्या डाव्या अंगठ्याचा सांधा संधिवाताने सुजलेला असतो. त्यांच्यासाठी सहा मिलिमीटर म्हणजे काय, हे त्या गल्ल्यावरच्या माणसाला कोण सांगणार?

गेल्या दिवाळीत मी शहाणपणा करून ऑनलाइन मागवले. वेबसाइटवर ढळढळीत लिहिलं होतं, "ब्रिज साइज". पाडव्याला बाबांनी सील फोडलं, शनिवारी त्यांची चौकडी जमली. विरुद्ध जोडीने चार इस्पिक बोलले होते, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करायचे, आणि बाबा त्यांना रोखणाऱ्या बचावात होते. बाबांच्या जोडीचे तीन हात झालेले, चौथा झाला की डाव पाडला. बाबांनी पंखा नीट करायला अंगठा जरा हलवला आणि चौकटची राणी गुळगुळीत पानांमधून घसरून टेबलावर पडली. उताणी.

ब्रिजचा नियम कडक आहे. बचाव करणाऱ्याचं चित्राचं पान असं उघडं पडलं की ते दंडाचं पान. ते टेबलावर तसंच उघडं राहतं आणि पहिली संधी येईल तेव्हा खेळावंच लागतं. विरुद्ध जोडीतले काका म्हणाले, "उचला हो, घरचाच खेळ आहे." बाबांनी उचललं नाही. "नियम तो नियम," म्हणाले. पुढच्याच हाताला विरुद्ध जोडीकडून चौकटचा एक्का आला, राणी त्याखाली गेली, मागून त्या जोडीचा गुलाम मोठा झाला आणि त्यांचा डाव बनला. बाबा काही बोलले नाहीत. डाव्या हाताकडे बघत बसले, अंगठा चोळत. तो अंगठा मी विसरू शकत नाही.

सगळे गेल्यावर मी पट्टी लावून पत्ता मोजला. ६३ मिलिमीटर! फोन केला तर उत्तर काय? "सील तोडलंय, परत घेता येणार नाही." अरे, सील तोडल्याशिवाय रुंदी मोजायची कशी? पाकिटावर आकडा का छापत नाही? मोबाइलच्या काचेच्या कव्हरला दशांशापर्यंत माप देता आणि ज्या वस्तूचं मापच तिचं नाव आहे, तिच्यावर खोटं लिहून विकता? ही सरळ फसवणूक आहे.

आणि तो सोनेरी वर्ख! दर दिवाळीला कुणी ना कुणी तो आणतंच. दिव्याखाली चमकतो, पिसताना निसटतो, आणि काही कॅटमध्ये तर चारही रंगांची चिन्हं एकाच सोनेरी छटेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने त्यात किलवर आणि इस्पिक कसं ओळखायचं? कपाटात शोभेला ठेवायचा असेल तर मूर्ती आणा ना, पत्ते कशाला?

नातेवाईक तर वेगळीच कमाल करतात. एका भाच्याने नवशिक्यांसाठीचं "ब्रिज शिका" छापाचं पुस्तक दिलं. ४५ वर्षं खेळणाऱ्याला! एका काकूंनी रंगीत आकड्यांचा लहान मुलांचा खेळ आणला. "तेच तेच खेळून कंटाळा येत नाही का हो?" तेच तेच? ५२ पानांतून तेरा पानांचे वेगवेगळे हात ६३,५०१ कोटींहून जास्त होतात काकू. तीच तेरा पानं तशीच पुन्हा हातात यायला सात जन्म पुरणार नाहीत. आणि आमच्या आत्या, ज्यांनी पहिली चिप्सची पेटी दिली, त्याच बाबांना ऐकवतात की या वयात जुगार शोभत नाही! जुगाराचं सामान तुम्ही आणायचं आणि बोल मात्र बाबांना?

जुगार म्हणणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमीच्या एका खटल्यात सांगितलं की रमी हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, त्यात कौशल्य लागतं, आणि त्यातला नशिबाचा भाग ब्रिजमध्ये पानं वाटताना असतो तसाच आहे. म्हणजे कौशल्याचा खेळ कसा असतो हे समजावायला कोर्टाने ब्रिजकडे बोट दाखवलं! २०१८ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच घेतलं गेलं. तिथे १ सप्टेंबरला प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत सुवर्णपदक मिळवलं. बर्धन ६० वर्षांचे होते, सरकार ५६. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडला. आत्यांनी बाबांना फोन करून अभिनंदन केलं, जणू पदक त्यांनाच मिळालं होतं. बाबा किती खुश झाले होते! आणि दोन महिन्यांत दिवाळी आली, तेव्हा त्याच आत्यांकडून आली ती पहिली पेटी.

विचारा ना एकदा! फोन करून विचारा, "तुम्हाला काय लागतं?" बाबांना लागतं ते फार नाही. ५७ मिलिमीटरचे, कोपऱ्यात मोठे आकडे असलेले, दोन वेगळ्या पाठींचे कॅट, कारण एक वाटला जात असताना दुसरा पिसून ठेवायचा असतो. एक लाकडी स्टँड, खाच पाडलेला आणि जरा वक्र, म्हणजे तेरा पानं त्यात उभी राहतील आणि अंगठ्याला आराम मिळेल. शेवटी मीच कोपऱ्यावरच्या सुताराकडून सागवानाच्या तुकड्यातून करून घेतला, अर्ध्या तासात झाला. आणि बिडिंग बॉक्स. एका बॉक्समध्ये एक किलवरपासून सात नोट्रम्पपर्यंत (नोट्रम्प म्हणजे हुकमाविना) ३५ बोलींची कार्डं असतात, शिवाय पास, डबल, रिडबल. तोंडाने काही बोलायचं नाही, कार्ड काढून समोर ठेवायचं. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. "दोन बदाम" म्हटलेलं "तीन बदाम" ऐकतात, मग पुन्हा विचारतात, मग ओशाळतात. चार बॉक्स टेबलावर असले की हा प्रश्नच मिटला. मिळतात कुठे? ब्रिज चालतं अशा कुठल्याही क्लबात जाऊन विचारा, खेळणारे लोक हौसेने सांगतात. पण त्यासाठी कुणीतरी पाऊल उचलायला हवं ना!

काल दादाचा फोन आला, "भाऊबीजेला येतोय, बाबांसाठी काय आणू? एक मस्त पोकर सेट बघून ठेवलाय." मी त्याला तिथेच थांबवलं. चार बिडिंग बॉक्स, लिहून घे म्हटलं, आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. पेटी घेऊन आलास तर उंबऱ्यातूनच परत पाठवेन, ओवाळणीचं ताट हातात असलं तरी.