गुळाचा रेणू डावा नाही, आणि बेन्नूची मातीही नाही

सध्या फिरणाऱ्या मेसेजचा गोषवारा असा: नासानं बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत सगळे रेणू डावे निघाले, म्हणजे विश्वाची शक्ती डावी. कारखान्यातली साखर उजवी, म्हणून विष. गूळ आणि मध डावे, मधुमेहातही चालतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी रोज डावीकडे ढवळून प्या, गोळ्या लागणार नाहीत. पाश्चात्त्य विज्ञानानं हे दडवून ठेवलं आहे.

एरवी मी असलं काही वाचून पुढे गेले असते. पण माझ्या मावशीनं हे वाचून शुगरची गोळी बंद केली आणि चहात गूळ घालायला लागली. तेव्हा आधी साखरेचंच बोलू.

काही रेणूंची दोन रूपं असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, आपल्या दोन तळहातांसारखं. म्हणून त्यांना डावं आणि उजवं म्हणतात. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं जवळजवळ पूर्णपणे डाव्या अमिनो आम्लांची बनतात आणि साखरा मात्र मुख्यतः उजव्या वापरल्या जातात. आपल्या रक्तातलं ग्लुकोज उजवं आहे. पेशींतल्या डीएनएच्या कण्यात जी साखर आहे, तीही उजवीच. उजवी साखर विष असती तर हा मेसेज लिहायला कुणी जिवंतच नसतं.

आणि गूळ? गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, साखरेच्या डब्यात असतं तेच. पोटात त्याचं उजवं ग्लुकोज आणि उजव्याच कुळातलं फ्रुक्टोज होतं. मधातही मुख्यतः हीच दोन. मध ध्रुवित प्रकाशाला, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाला, बहुधा डावीकडे वळवतो, एवढं खरं. पण ते त्यातल्या फ्रुक्टोजमुळे, आणि प्रकाश कुठं वळतो यावरून रेणूचं कूळ ठरत नाही. खरोखरचं डावं ग्लुकोज प्रयोगशाळेत बनवता येतं. ते गोड लागतं आणि शरीराला त्यातून ऊर्जा मिळत नाही. पण ते महाग आहे आणि गुळाच्या ढेपेत सापडत नाही. मधुमेह असलेल्या माणसानं या भरवशावर गूळ खाल्ला तर शुगर वाढणार, आणि गोळी बंद असेल तर वाढलेलीच राहणार. मूत्रपिंड, डोळे, पायांच्या नसा यांची किंमत मोजून असले मेसेज पुढे ढकलले जातात, याचा मला संताप येतो.

आता बेन्नू. मेसेजमध्ये लिहिलंय त्याच्या नेमकं उलट सापडलं आहे. ती माती, सुमारे 121 ग्रॅम, 24 सप्टेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. जानेवारी 2025 मध्ये नासाचे शास्त्रज्ञ डॅनियल ग्लॅव्हिन, जेसन ड्वॉर्किन आणि सहकाऱ्यांनी तिचं विश्लेषण ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त छापलं. आपली प्रथिनं ज्या 20 अमिनो आम्लांची बनतात त्यांतली 14 तिथं होती, आणि ज्यांचं डावं-उजवं मोजता आलं त्यांत दोन्ही जवळपास समसमान निघाली. ज्या मातीचा आधार सांगता, तिच्यावरचा लेख निदान उघडून तरी बघा!

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत, म्हणजे अंतराळातून आलेल्या दगडात, आयसोव्हॅलिन या अमिनो आम्लाचं डावं रूप सुमारे 18 टक्क्यांपर्यंत जास्त आढळलं होतं. ते मोजलं याच ग्लॅव्हिन आणि ड्वॉर्किन यांनी, 2009 मध्ये. पृथ्वीवरच्या प्रथिनांत आयसोव्हॅलिन नसतं, त्यामुळे ते इथल्या मातीतून मिसळलं असं सहज म्हणता येत नाही. ताऱ्यांच्या जन्मस्थानांतल्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशानं, म्हणजे ज्याचं कंपन मळसूत्रासारखं डावीकडे किंवा उजवीकडे फिरत जातं अशा प्रकाशानं, हा कल दिला असेल, अशी एक कल्पना आहे. तारे जन्मतात त्या ओरायन तेजोमेघात तसा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश 1998 मध्ये नोंदलाही गेला. जीवसृष्टीचा डावेपणा अंतराळातून आला असेल ही शक्यता म्हणूनच जिवंत आहे, पण बेन्नूनं तिला बळ दिलेलं नाही. आणि यातल्या कशाचाही गोळी बंद करण्याशी संबंध नाही.

ढवळण्याबद्दल: पाण्याच्या रेणूला डावं-उजवं नसतंच. त्याचं प्रतिबिंब तंतोतंत त्याच्यावर बसतं, मग कितीही ढवळा. ढवळण्याचा परिणाम दिसलेला एक प्रयोग आहे, पण तो पाण्याच्या रेणूवर नव्हे, स्फटिकांवर: 1990 मध्ये रसायनशास्त्रज्ञ दिलीप कोंडेपुडी आणि सहकाऱ्यांनी सोडियम क्लोरेट या क्षाराचं द्रावण ढवळत स्फटिक केले, तेव्हा दर वेळी जवळजवळ सगळे स्फटिक एकाच हाताचे झाले. पण कधी डावे, कधी उजवे. शिवाय हे डावं-उजवं स्फटिकाच्या रचनेत असतं, ते विरघळले की तेही गेलं.

राहिलं दडवण्याचं. लुई पाश्चरनं 1848 मध्ये डावे आणि उजवे स्फटिक चिमट्यानं वेगळे केले आणि ते छापलं. महाराष्ट्रात विज्ञान शाखेच्या मुलांना हा विषय बारावीच्या रसायनशास्त्रात असतो.